सिंहभूमच्या अंगणातील सभा

सिंहभूमचे नाव आपल्या कानी पडते ते लोहखनिजामुळे. तेथील भूगर्भाची चौकशी जितक्या साक्षेपाने झाली, तितक्या साक्षेपाने त्या भूमीवर राबणाऱ्या हो स्त्रीची कोणी केली असेल, असे वाटत नाही. रोपणी, निंदणी तिने करावी, मोहाची फुले तिने वेचावीत. शेत मात्र पुरुषाच्या नावे राहावे, असा परंपरेचा दंडक. १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्याने आदिवासींची जमीन परक्यांपासून राखली. परंतु त्यातील वारसा पुरुषवंशाचाच राहिला. १९८२ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ च्या निकालाने कायदा तसाच ठेवला. मात्र उपजीविकेसाठी जमिनीवर अवलंबून असलेल्या स्त्रीला तीवरून हटविता येणार नाही, एवढे मान्य केले.

याच सुमारास खेड्यापाड्यांतून स्त्रियांचे बचतगट उभे राहत होते. महिन्याला थोडे पैसे जमवावयाचे आणि बियाण्याला, आजारपणाला आपसांत कर्ज द्यावयाचे, एवढाच त्यांचा व्याप. चक्रधरपूर येथे २००२ साली स्थापन झालेल्या ‘एकजूट’ संस्थेने या गटांत निराळेच बीज पाहिले. बोलिव्हियातील आयमारा स्त्रियांत आणि पुढे नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात, स्त्रियांनी एकत्र बसून बाळंतपणाचा विचार केला असता अर्भकांचे मृत्यू घटल्याचे दिसून आले होते.

२००५ ते २००८ या काळात पश्चिम सिंहभूम, सराईकेला-खरसावाँ आणि ओडिशातील केंदुझर या तीन जिल्ह्यांत हा प्रयोग झाला. २४४ गटांपैकी १७२ आधीपासूनचेच होते. सभा चालविणारी स्त्री त्याच परिसरातली; ती डॉक्टर नव्हे, परिचारिकाही नव्हे. चित्रे दाखवावीत, गोष्टी सांगाव्यात, आपल्या गावात मुले का दगावतात हे बायकांनीच शोधावे आणि उपायही त्यांनीच ठरवावा, अशी रीत होती.

२०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे गट होते तेथे नवजात अर्भकांचे मृत्यू तुलनेने ३२ टक्क्यांनी कमी आढळले; तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्यही निम्म्याहून अधिक घटले होते. विशेष हे की, रुग्णालयात जाण्याचे प्रमाण फारसे वाढले नव्हते. सुईणीचे धुतलेले हात, नाळ बांधण्याचा उकळलेला दोरा, अशा घरातल्याच गोष्टी पालटल्या होत्या.

आपण अधिकारी मंडळी योजना आखताना उपजीविकेची नस्ती एका टेबलावर आणि आरोग्याची दुसऱ्या टेबलावर ठेवतो. सिंहभूमच्या स्त्रियांना ही वाटणी ठाऊक नव्हती. पैशासाठी एकत्र बसण्याची सवय जडली, म्हणूनच दुःखाविषयी बोलण्यास जागा मिळाली. तथापि समाधान मानून स्वस्थ बसावे, असेही नाही. मूल वाचविण्याचा निर्णय तिने अंगणात घेतला खरा. पण अंगणापलीकडच्या शेताचा निर्णय घेण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता. तो प्रश्न उरतोच.