भूपृष्ठालगतच्या ओझोनचे मापन

भूपृष्ठालगतच्या ओझोनचे मापन म्हणजे जमिनीलगतच्या हवेतील ओझोन वायूचे प्रमाण सातत्याने नोंदविणे व त्या नोंदींची अचूकता राखणे होय. हा वायू अस्थिर असल्यामुळे इतर प्रदूषक वायूंप्रमाणे ज्ञात प्रमाणाचा साठा सिलिंडरमध्ये भरून ठेवता येत नाही. म्हणून ओझोनमापकाची अचूकता ही एका उपकरणाची दुसऱ्या, अधिक विश्वसनीय उपकरणाशी केलेल्या तुलनांच्या अखंड साखळीवर अवलंबून असते. भारतात हे मापन मुख्यत्वे शहरांतील स्वयंचलित केंद्रांवर होते. मात्र ओझोनची पातळी अनेकदा शहराबाहेर, वाऱ्याच्या दिशेने असलेल्या ग्रामीण भागात अधिक आढळते.

पार्श्वभूमी

वातावरणातील बहुतांश ओझोन स्थितांबरात असतो व तो सूर्याच्या घातक अतिनील किरणांपासून सजीवांचे रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र प्रदूषक आहे. तो कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने, औष्णिक वीजकेंद्रे व ज्वलनाच्या इतर क्रियांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तो हवेतच तयार होतो. म्हणून त्याला दुय्यम प्रदूषक म्हणतात.

ओझोनचे प्रमाण पहाटे सर्वांत कमी असते आणि ऊन चढेल तसे वाढत जाऊन दुपारी साधारण एक ते चार या वेळेत कमाल होते. महाराष्ट्रात उन्हाळ्यात ते जास्त, तर ढगाळ आकाश व पाऊस यांमुळे पावसाळ्यात कमी असते. वाहनांच्या धुरातील ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनशी तत्काळ संयोग पावून त्याचा नाश करतो. त्यामुळे गर्दीच्या चौकात ओझोन कमी आणि शहरापासून काही अंतरावरील शेतशिवारात अधिक, अशी वरवर विसंगत वाटणारी स्थिती उद्भवते.

ओझोनमुळे श्वसनमार्गाचा दाह होतो व दम्याचा त्रास बळावतो. वनस्पतींमध्ये तो पानांवरील रंध्रांवाटे आत शिरतो व प्रकाशसंश्लेषण मंदावतो. गहू, सोयाबीन व कापूस ही पिके त्याला विशेष संवेदनशील मानली जातात.

मानके व एकके

ओझोनचे प्रमाण मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या एककात किंवा एक अब्ज भाग हवेत ओझोनचे किती भाग आहेत (भाग प्रति अब्ज) अशा रीतीने सांगतात. २५ अंश सेल्सिअस तापमान व सामान्य वातावरणीय दाब असताना एक भाग प्रति अब्ज म्हणजे सुमारे १.९६ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होय.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित केलेल्या राष्ट्रीय मानकांनुसार ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीसाठी १०० व एका तासासाठी १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. वर्षातील ९८ टक्के वेळ ही मर्यादा पाळली जाणे अपेक्षित आहे. उरलेल्या २ टक्के काळात ती ओलांडली गेली तरी सलग दोन दिवस ओलांडली जाता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही आठ तासांसाठी १०० हेच मूल्य असून, ओझोनच्या अधिक प्रमाणाच्या हंगामासाठी ६० मायक्रोग्रॅम हे वेगळे मूल्य दिले आहे. २०१५ पासून प्रसिद्ध होणाऱ्या भारताच्या हवा गुणवत्ता निर्देशांकातील आठ प्रदूषकांत ओझोनचा समावेश आहे.

मापनपद्धतींचा इतिहास

क्रिस्टियान शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये बाझेल येथे ओझोनचा शोध लावला. पोटॅशियम आयोडाइड व पिष्ट लावलेल्या कागदाचा रंग ओझोनमुळे निळसर होतो, या गुणधर्मावर एकोणिसाव्या शतकातील नोंदी आधारलेल्या होत्या. परंतु आर्द्रता व वारा यांचाही रंगावर परिणाम होत असल्याने त्या नोंदी फारशा विश्वसनीय नाहीत. पॅरिसजवळील माँसुरी वेधशाळेत १८७६ ते १९१० या काळात रासायनिक पद्धतीने घेतलेली मापने ही दीर्घकालीन संख्यात्मक नोंदींचे आरंभीचे उदाहरण होय.

१९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसमधील धूरमिश्रित धुक्याचा अभ्यास करताना आरी हागेन-श्मिट यांनी सूर्यप्रकाशामुळे ओझोन कसा तयार होतो हे दाखविले. त्या काळी ताणलेल्या रबराला पडणाऱ्या भेगांवरूनही ओझोनचे प्रमाण अजमावले जाई. पुढे आयोडाइडच्या द्रावणाची पद्धत रूढ झाली. मात्र १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील दोन यंत्रणांनी या द्रावणाचे वेगवेगळे प्रकार वापरल्याने त्यांच्या आकड्यांत लक्षणीय तफावत आढळली. हवा तीच असूनही निष्कर्ष भिन्न येत होते. अखेर १९७९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अंशशोधनासाठी अतिनील प्रकाशमापन पद्धत स्वीकारली.

भारतात हवामानशास्त्र विभागाने १९६० च्या दशकात अण्णा मणी यांच्या नेतृत्वाखाली फुग्यासोबत आकाशात सोडावयाचे ओझोनमापक उपकरण विकसित केले. नंतरच्या काळात भूपृष्ठावरील ओझोनच्या नोंदीसाठी पुण्यासह काही ठिकाणी विद्युत-रासायनिक उपकरणे वापरण्यात आली.

अतिनील प्रकाशमापन पद्धत

सध्याच्या बहुतेक स्वयंचलित केंद्रांत हीच पद्धत वापरतात. पाऱ्याच्या दिव्यातून निघणारा २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश हवेने भरलेल्या नळीतून पाठवितात. ओझोन हा प्रकाश शोषून घेतो. आधी ओझोनयुक्त हवा व नंतर ओझोन काढून टाकलेली हवा, अशी आलटून पालटून तुलना केली जाते. दोन्ही वेळच्या प्रकाशतीव्रतेचे गुणोत्तर, नळीची लांबी आणि हवेचे तापमान व दाब यांवरून बिअर-लँबर्ट नियमानुसार ओझोनचे प्रमाण काढतात.

मोजावयाचा फरक अतिशय सूक्ष्म असतो. सुमारे ३८ सेंटिमीटर लांबीच्या नळीत ४० भाग प्रति अब्ज ओझोन असल्यास प्रकाशाच्या तीव्रतेत केवळ ०.०४ टक्के घट होते. साहजिकच दिव्याची अस्थिरता, नळीतील धूळ किंवा तापमानाच्या नोंदीतील चूक यांचा आकड्यावर लगेच परिणाम होतो. तापमान तीन अंशांनी चुकले तर ओझोनचे प्रमाण सुमारे एक टक्क्याने चुकते.

ज्या ठिकाणी असे उपकरण नाही तेथे आयोडाइडच्या द्रावणातून हवा नेऊन मुक्त झालेले आयोडीन ३५२ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजण्याची रासायनिक पद्धत भारतीय मानकांना मान्य आहे. तथापि हवेतील सल्फर डायऑक्साइडमुळे तिचा आकडा घटतो, तर नायट्रोजन डायऑक्साइडमुळे वाढतो.

अंशशोधनाची साखळी

सल्फर डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या यंत्राची तपासणी प्रमाणित सिलिंडरमधील वायूने करता येते. ओझोन मात्र साठवणीत विघटन पावतो. म्हणून तपासणीच्या जागीच शुद्ध हवेवर १८५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण टाकून तो तयार करतात आणि संदर्भ-उपकरण व केंद्रावरील उपकरण या दोघांनाही एकाच वेळी पुरवितात.

या साखळीच्या शिखरावर संदर्भ प्रकाशमापक असतो. अशा प्रकाशमापकाचा आराखडा अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तयार केला. फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय वजनमाप केंद्र निरनिराळ्या देशांच्या संदर्भ प्रकाशमापकांची परस्पर तुलना घडवून आणते. भारतात मापनमानकांची जबाबदारी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. संदर्भ प्रकाशमापकाशी पडताळलेले फिरते उपकरण केंद्रावर नेले जाते आणि त्यावरून तेथील यंत्राचे अंशशोधन होते. साखळीतील एक दुवा जरी निखळला, तरी यंत्र आकडे दाखवीत राहते, पण ते कोणत्या मापाचे आहेत हे सांगता येत नाही.

या सर्व मापनांचा मूलाधार म्हणजे ओझोनचा शोषण-छेद हा भौतिक स्थिरांक होय. १९६१ मध्ये निश्चित झालेले त्याचे मूल्य अनेक दशके वापरात होते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने नंतर सुचविलेले मूल्य त्याहून सुमारे १.२ टक्क्यांनी कमी आहे. ते वापरल्यास त्याच हवेतील ओझोनचा आकडा सुमारे १.३ टक्क्यांनी वाढतो. म्हणून दीर्घकालीन नोंदींची तुलना करताना कोणते मूल्य वापरले आहे हे नमूद करणे आवश्यक ठरते.

त्रुटींची कारणे व दक्षता

हवा आत घेणारी नळी ओझोनशी अभिक्रिया न करणाऱ्या टेफ्लॉनसारख्या पदार्थाची असावी लागते. गाळणीवर धूळ साचल्यास ओझोन त्या धुळीवरच नष्ट होतो व आकडा कमी येतो. हवा नळीत फार काळ राहिल्यास तीतील नायट्रिक ऑक्साइड वाटेतच ओझोन संपवितो. तुलनेसाठी ओझोन काढून टाकणारा मँगनीज डायऑक्साइडचा शोषक जुना झाल्यासही आकडा घटतो. याउलट पाऱ्याची वाफ व काही सुगंधी हायड्रोकार्बने तोच प्रकाश शोषत असल्याने आकडा फुगतो.

यासाठी ओझोनविरहित हवेने शून्य-तपासणी, ज्ञात प्रमाणाने ठरावीक मुदतीने तपासणी आणि अनेक प्रमाणांवर पूर्ण अंशशोधन, अशा तीन पातळ्यांवर दक्षता घेतात. अमेरिकेत किमान दर दोन आठवड्यांनी तपासणी केली जाते व सात टक्क्यांपर्यंतचा फरक ग्राह्य मानतात. नोंदींचा आलेखही बोलका असतो. निरभ्र दिवशी दुपारचा उंचवटा न दिसणे किंवा तासन्‌तास एकच आकडा येणे ही बहुधा यंत्रदोषाची खूण असते.

अलीकडे प्रसार पावलेली स्वस्त संवेदक उपकरणे नायट्रोजन डायऑक्साइडलाही प्रतिसाद देतात, तसेच तापमान व आर्द्रतेनुसार बदलतात. ती प्रमाणित केंद्राशेजारी ठेवून पडताळल्याखेरीज त्यांचे आकडे मानकांशी ताडून पाहणे योग्य नाही.

महाराष्ट्रातील मापन

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘सफर’ ही हवेची गुणवत्ता व पूर्वानुमान यंत्रणा २०१० मध्ये दिल्लीत, २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत सुरू झाली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्वयंचलित केंद्रेही ओझोन नोंदवितात. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० च्या दशकात अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जोहरापूर या ग्रामीण ठिकाणी केलेली मोजमापे शेतीप्रधान भागातील ओझोनच्या अभ्यासात महत्त्वाची आहेत.

संस्थेच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, २००५ या वर्षी ओझोनमुळे देशात गव्हाचे सुमारे ३५ लाख टन व तांदळाचे सुमारे २१ लाख टन नुकसान झाल्याचा अंदाज वर्तविला होता. हा अंदाज संगणकीय प्रारूपावर आधारित होता. अशा प्रारूपांची शहानिशा करण्यासाठी ग्रामीण भागातील प्रत्यक्ष नोंदी लागतात.

खानदेशातील संदर्भ

जळगाव शहराचा समावेश २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आहे. या कार्यक्रमाचा भर धूलिकणांवर आहे. राष्ट्रीय हवा निरीक्षण कार्यक्रमातील मानवचलित केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस प्रामुख्याने सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड व धूलिकण मोजतात; ओझोन त्यांत येत नाही. दुपारी काही तासांपुरता उंचावणारा हा वायू टिपण्यासाठी सतत चालणारे यंत्रच लागते.

जळगाव जिल्ह्यातील बोदवड हे तालुक्याचे ठिकाण या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करते. भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील हे गाव कापूस पिकविणाऱ्या पट्ट्यात असून भुसावळच्या आग्नेयेस आहे. दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र व राष्ट्रीय महामार्गावरील वाहतूक हे या परिसरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमुख स्रोत होत. उन्हाळ्यात वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात आणि पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ओझोननिर्मितीस ही स्थिती तत्त्वतः अनुकूल आहे. प्रत्यक्ष प्रमाण मात्र मापनानेच ठरू शकते. याच हवामानात यंत्र चालविणेही कठीण असते. खोली वातानुकूलित ठेवणे, वीज खंडित झाल्यावर दिवा पुन्हा स्थिर होईपर्यंतच्या नोंदी वगळणे, गाळणी वारंवार बदलणे व पावसाळ्यात नळीत दव साचू न देणे आवश्यक असते.

पिकांवरील परिणाम मोजताना दिवसाउजेडी ४० भाग प्रति अब्जांहून जास्त असलेल्या ओझोनचीच ताशी बेरीज धरण्याची पद्धत प्रचलित आहे. समजा एखाद्या तासाला खरे प्रमाण ४५ आहे, तर बेरजेत ५ धरले जातात. यंत्राने ४३ दाखविल्यास केवळ ३ धरले जातील. मापनातील साडेचार टक्क्यांच्या चुकीमुळे पिकाला पोहोचलेल्या ओझोनचा हिशेब चाळीस टक्क्यांनी चुकतो. त्यामुळे ग्रामीण भागात नवे केंद्र उभारताना यंत्राइतकीच त्याच्या अंशशोधनाची कायमस्वरूपी व्यवस्थाही महत्त्वाची ठरते.