मापनपट्ट्यांची अचूकता आणि औष्णिक प्रसरण

लांबी मोजण्याची पट्टी, फीत किंवा साखळी ही स्वतः एक वस्तूच असल्याने तापमानाबरोबर तिची लांबी बदलते. या बदलामुळे मापनात शिरणारी त्रुटी एकाच दिशेची असते. तापलेल्या साखळीने दहा वेळा मोजले तरी दहाही वेळा उत्तर कमीच येते. सरासरी काढून ही त्रुटी नाहीशी होत नाही. ती ओळखून दुरुस्त करावी लागते.

स्वरूप

पट्टी तापली की तिच्यावरील दोन खुणांमधील अंतर वाढते व तेवढ्याच जागेत कमी खुणा मावतात; म्हणून वाचन कमी येते. विद्यार्थी येथे हमखास उलट समजतात. मात्र ठरावीक अंतर जमिनीवर आखून द्यायचे असेल, तर त्याच तापलेल्या पट्टीने ते जास्त आखले जाते. खरी लांबी काढण्यासाठी पट्टीचा एकरेषीय प्रसरणांक आणि प्रमाण तापमानापासूनचा फरक यांचा गुणाकार करून तो एकात मिळवतात व त्या बेरजेने वाचनाला गुणतात. औद्योगिक मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले.

एका अंशास पोलादाची लांबी दर दहा लाख भागांत सुमारे १२ भागांनी वाढते, पितळेची १९, तर पारदर्शक ॲक्रिलिकची जवळजवळ ७० भागांनी. दप्तरातील ३० सेंटीमीटरची ॲक्रिलिक पट्टी २० अंशांनी तापल्यास सुमारे ०.४ मिलिमीटर लांबते. लाकूड तंतूंच्या दिशेने फारच थोडे, ३ ते ५ भागांनीच, प्रसरण पावते.

भोर व वेल्हे परिसरातील जमीनमोजणी

महाराष्ट्रात जमिनीची मोजणी दीर्घकाळ शंकू-साखळीने होत असे. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. उन्हाळ्यात कातळावर पडलेली साखळी हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. तिचे तापमान प्रमाणापेक्षा २५ अंशांनी वाढले, तर ती सुमारे ३ मिलिमीटर लांबते. क्षेत्रफळात ही त्रुटी दुप्पट होते: एकरामागे सुमारे २६ चौरस फूट, म्हणजे गुंठ्याचा चाळिसावा हिस्सासुद्धा नाही.

बांधाच्या तंट्यात उन्हाला दोष देण्यापूर्वी ही संख्या ध्यानात घ्यावी. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे तालुके सह्याद्रीच्या उतारांचे आहेत, आणि येथे मापनाचा खरा शत्रू चढउतार आहे. दीड अंशाहूनही कमी उतारावर साखळी जमिनीलगत टाकली तर वरच्या २५ अंश तापमानाइतकीच त्रुटी येते. १० अंशांच्या उतारावर ती साखळीमागे सुमारे १५ सेंटीमीटर होते. दोन्ही त्रुटी परस्परविरुद्ध दिशेच्या, पण आकाराने इतक्या विषम की एकीने दुसरी भरून निघत नाही. त्यामुळे उतारावर साखळी आडवी ताणून, ओळंबा सोडून पायरीपायरीने मोजतात. कड्या झिजूनही साखळी लांबते व ती थंडीत पूर्ववत होत नाही. म्हणून साखळी वेळोवेळी प्रमाण लांबीशी ताडून पाहणे आवश्यक असते.

अंतर मोठे असेल तेव्हा मात्र उष्णतेकडे दुर्लक्ष करता येत नाही. भोरजवळ वेळवंडी नदीवर असलेल्या भाटघर धरणाची लांबी सुमारे १,६०० मीटर आहे. एवढे अंतर २५ अंशांनी तापलेल्या पोलादी फितीने दुरुस्तीविना मोजल्यास ते सुमारे ४८ सेंटीमीटर कमी भरेल.

आर्द्रतेचा प्रश्न याहून जुना आहे. अकबराच्या काळात मोजणीची दोरी दवाने वा पाण्याने आखडते, म्हणून तिच्याऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू वापरात आणले गेले. शिवकालीन मोजणीची काठीही, लाकूड वा बांबूची असल्यास, उष्णतेने फारशी बदलणारी नव्हती. तिच्याबाबतचा वाद हात आणि मुठी कोणाच्या, हा होता.

आधाररेषा

तोरणा व राजगड यांसारख्या डोंगरांमधील अंतर साखळीने मोजता येत नाही. तेथे त्रिकोणमितीय सर्वेक्षण करतात: सपाट जागी एक आधाररेषा प्रत्यक्ष मोजायची आणि पुढील त्रिकोण कोनांवरून सोडवायचे. आधाररेषेतील चूक त्याच प्रमाणात प्रत्येक अंतरात उतरते. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची रेषा १०० फुटी पोलादी साखळीने मोजली. तापमानात एका अंशाची चूक झाली असती तरी त्या रेषेत १४ ते १५ सेंटीमीटर फरक पडला असता. त्यामुळे साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, वर तंबूची सावली धरून, जोडीला तापमापक लावून मोजणी करण्यात आली. हेच काम उत्तरेकडे नेत असता १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी कोल्बी यांचे भरपाई-दंड आणले. १० फुटी लोखंडी व पितळी दंड मध्यभागी जोडलेले, टोकांना आडव्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवर असे बिंदू की दोन्ही धातू कमीअधिक लांबले तरी बिंदूंमधील अंतर कायम राहावे. कल्पना सुंदर, पण दोन धातू एकाच वेगाने तापत वा निवत नाहीत, म्हणून भरपाई पूर्ण होत नसे. महाराष्ट्राच्या सीमेलगत बीदर येथील आधाररेषा याच दंडांनी १८४१ मध्ये मोजली गेली.

इन्वार आणि आजची साधने

१८९६ मध्ये शार्ल एदुआर गियोम यांनी लोखंड व निकेलचा इन्वार हा मिश्रधातू शोधला. त्याचे प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दशांश आहे. या कामासाठी त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इन्वारची फीत मऊ असते, सहज वाकते आणि कालांतराने तिची लांबी किंचित सरकते.

आता मोजणीसाठी टोटल स्टेशन व उपग्रहाधारित रोव्हर वापरले जातात. टोटल स्टेशनमध्ये प्रकाशकिरणाने अंतर मोजले जाते. तेथे धातूचे प्रसरण नसले तरी हवेच्या तापमानानुसार प्रकाशाचा वेग बदलतो. यंत्रात भरलेले तापमान एका अंशाने चुकल्यास किलोमीटरमागे सुमारे एक मिलिमीटर फरक पडतो.