किनेक्टची कुळकथा: साडेसात मैल ते साडेसात सेंटिमीटर

१८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात शंभर फुटी पोलादी साखळी टाकत टाकत जमिनीवर एक सरळ रेषा मोजली. तिची लांबी भरली सुमारे साडेसात मैल. हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही पायारेषा, आणि तिच्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत पुढे सगळा उपखंड मापला गेला. २०१० साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी किनेक्ट नावाची काळी पट्टी विकायला काढली: हातात काहीही न धरता, नुसत्या अंगाच्या हालचालींवर व्हिडिओ गेम खेळू देणारा कॅमेरा. या पट्टीत इन्फ्रारेड प्रकाश फेकणारा प्रोजेक्टर आणि तो टिपणारा कॅमेरा यांच्यातलं अंतर आहे सुमारे साडेसात सेंटिमीटर. आकडा जुळला हा योगायोग, पण दोन्ही रेषा एकच काम करतात. पायाची लांबी ठाऊक असली आणि दोन्ही टोकांचे कोन कळले, की तिसरा बिंदू किती लांब आहे हे त्रिकोणमिती सांगते. लॅम्बटन हेच काम करता करता १८२३ साली हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच, वर्धा जिल्ह्यात आहे. गेमिंगच्या इतिहासात हिंगणघाटचं नाव येत नाही. माझ्या मते ते यायला हवं. किनेक्टचं तंत्र मोजणीदारांच्या घराण्यातून आलं, त्याची ओढ मात्र आरशाच्या घराण्यातून आली, आणि ही सोयरीक नीट जमली नाही यातच त्या यंत्राच्या चमकण्याचा आणि विझण्याचा उलगडा आहे.

दुकानाच्या फळीवरची वंशावळ सगळ्यांना पाठ आहे. १९८९ मध्ये निन्टेंडोच्या यंत्रासाठी आलेला पॉवर ग्लोव्ह हा हातमोजा, २००३ चा सोनीचा आयटॉय, २००६ चा निन्टेंडो वी आणि मग किनेक्ट. ही यादी विक्रीच्या सालांची आहे, रक्ताच्या नात्याची नव्हे. वीचंच बघा. टीव्हीवर ठेवायच्या त्याच्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात, पण ती काहीच टिपत नाही. तिच्या दोन टोकांना फक्त इन्फ्रारेड दिवे आहेत. कॅमेरा आहे खेळणाऱ्याच्या हातातल्या रिमोटमध्ये, आणि पट्टी काढून तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या तरी पडद्यावरचा बाण हलतो. वीने घराघरात हात हलवून खेळायची सवय लावली हे मान्य. पण त्यामुळे तो किनेक्टचा शेजारी ठरतो, पूर्वज नाही.

खरं नातं ठिपक्यांतून सापडतं. किनेक्टची पट्टी समोरून पाहिली तर तीन डोळे दिसतात. मधला साधा रंगीत कॅमेरा. अंतर मोजण्यात त्याचा हात नाही. एका बाजूचा लेझर खोलीभर हजारो इन्फ्रारेड ठिपके फेकतो आणि दुसऱ्या बाजूचा कॅमेरा ते टिपतो. ठराविक अंतरावरच्या भिंतीवर एखादा ठिपका कुठे दिसायला हवा, हे यंत्राला आधीच पढवलेलं असतं. मध्ये माणूस आला की त्याच्या अंगावर पडलेला ठिपका त्या जागेवरून बाजूला सरकलेला दिसतो. किती सरकला, यावरून अंतर निघतं. इथवर सगळं लॅम्बटनचंच गणित. पण मोजणीदाराला एक प्रश्न नेहमीच पडत आलाय: समोर दिसतोय तो नेमका कोणता बिंदू? लॅम्बटननंतर सर्वेक्षणाची धुरा वाहणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी त्यावर तोड काढली होती. दिवसा आरशाने सूर्यप्रकाश चमकवायचा, रात्री दिवे लावायचे, म्हणजे दूरचं ठाणं ओळखता येतं. किनेक्टपुढे ठाणी हजारो आणि सगळी दिसायला सारखी. एका ठिपक्याला दुसऱ्यापासून ओळखायचं कसं? त्याचं उत्तर असं की एकट्या ठिपक्याला ओळखायचंच नाही. ठिपके विस्कळीत विखुरायचे, म्हणजे प्रत्येकाच्या आजूबाजूची मांडणी वेगळी होते, आणि त्या शेजारावरून त्याची ओळख पटते. हा विस्कळीतपणा मोजणीदारांच्या घरचा नव्हे. तो बाहेरून आला, आणि या कुळकथेतला सगळ्यात नवलाचा दुवा तोच आहे.

बेला युलेश हे मूळचे बुडापेस्टचे अभियंते. १९५६ च्या उठावानंतर ते हंगेरीतून बाहेर पडले आणि अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले. त्या काळी दृष्टीबद्दलची प्रचलित समजूत अशी होती की प्रत्येक डोळा आधी वस्तू ओळखतो, हे झाड, हा चेहरा, आणि मग मेंदू दोन्ही चित्रं जुळवून खोली काढतो. युलेश यांनी १९५९ च्या सुमारास संगणकाकडून काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची दोन चित्रं करून घेतली. ठिपके पूर्ण विस्कळीत, आणि दोन्ही चित्रं एकसारखी. फरक एवढाच की एकात मधला चौकोन किंचित बाजूला सरकवलेला. एका डोळ्याने पाहा, नुसता गोंधळ दिसतो. एक डोळा एका चित्राकडे आणि दुसरा दुसऱ्याकडे लावा, की मधला चौकोन कागदातून वर उचलून तरंगू लागतो. ओळखण्यासारखं काहीच नसताना खोली दिसली. म्हणजे खोली कळायला वस्तू कळावी लागत नाही. ठिपक्यांच्या झुबक्याला झुबका जुळला की पुरे. हा शोध मानसशास्त्रात गाजला, पण यंत्राला डोळे देऊ पाहणाऱ्यांसाठी तो फार मोठी सवलत होती. माणूस म्हणजे काय हे यंत्राला समजावण्याआधीच त्याला माणसापर्यंतचं अंतर मोजता येणार होतं.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो बाजूला सारून चालणार नाही. किनेक्टचं हे तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं. तिच्या सुरुवातीच्या कामाची भाषा प्रकाशशास्त्राची आहे: लेझरचा प्रकाश खरबरीत पृष्ठभागातून गेला की तो आपोआपच बारीक कणाकणांचा, विस्कळीत दिसतो. मग ठिपक्यांचा विस्कळीतपणा भौतिकशास्त्राने फुकट दिला, त्यासाठी बेल लॅबच्या दारात जायची गरज काय? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. बाजारात आलेल्या किनेक्टमधले ठिपके आपोआप पडलेले नाहीत. प्रकाश फोडणाऱ्या एका काचेने ते आखून टाकलेले आहेत, आणि एकच आराखडा तीन ओळी व तीन रांगांत नऊदा मांडलेला आहे. विस्कळीतपणा हवा म्हणून तो रचून घेतला आहे. शिवाय ठिपके फेकणं हे निम्मंच काम. ते जुळवणं हे उरलेलं निम्मं, आणि जुळवण्याची तालीम कुठे झाली हे स्पष्ट आहे. डेव्हिड मार आणि टोमासो पोज्जो यांनी १९७६ साली दोन डोळ्यांच्या चित्रांवरून खोली काढणारी गणनाची रीत मांडली, तिची परीक्षा त्यांनी युलेश यांच्या पद्धतीच्या ठिपक्यांवरच घेतली. मार यांचे सहकारी कीथ निशिहारा यांनी १९८४ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. कोऱ्या भिंतीवर जुळवण्यासारखं काही नसेल, तर तिच्यावर आपणच विस्कळीत प्रकाश फेकायचा, ही युक्ती त्यांनी यंत्रमानवांच्या दृष्टीसाठी वापरली. युलेशनी कागदावर छापलेले ठिपके निशिहारांनी वस्तूंवर फेकले. त्यांचे दोन कॅमेरे होते, किनेक्टमध्ये त्यातल्या एकाची जागा प्रोजेक्टरने घेतली. हा वंश मी उल्लेखांवरून नव्हे, कामाच्या रीतीवरून लावतो आहे, आणि रीतीचा पुरावा मला अधिक भक्कम वाटतो.

आता आरशाचं घराणं. त्याचा मूळपुरुष मायरन क्रूगर. सत्तरच्या दशकात या अमेरिकन कलावंत-संगणकतज्ज्ञाने व्हिडिओप्लेस नावाची मांडणी उभी केली. माणूस कॅमेऱ्यापुढे उभा राहायचा, पडद्यावर त्याची सावलीसारखी आकृती उमटायची, आणि दुसऱ्या खोलीतल्या माणसाची आकृतीही त्याच पडद्यावर यायची. दोन सावल्या एकमेकींना लागल्या की माणसं दचकून अंग चोरायची, जणू खरंच कुणी शिवलं. अंतराचं मोजमाप इथे कुठेच नव्हतं. स्वतःला पडद्यात पाहणं आणि तिथे आपल्या हाताने काहीतरी घडणं, एवढंच होतं, आणि तेवढं पुरत होतं. सोनीचा आयटॉय याच घराण्याचा. त्यातला एक खेळ खिडक्या पुसायचा: पडदाभर फेस, फेसाआड खेळणारा स्वतः, आणि हात फिरवावा तसतशी काच स्वच्छ होत जाते. यंत्र फक्त एवढंच बघतं की मागच्या चित्रात आणि आताच्या चित्रात कुठे फरक पडला. आयटॉय घडवणारे रिचर्ड मार्क्स सोनीत येण्यापूर्वी टेलिओस रिसर्च या संगणकदृष्टीच्या कंपनीत होते, आणि निशिहाराही तिथलेच. म्हणजे मोजणीच्या घराण्यात शिकलेल्या अभियंत्याने गेमसाठी मोजणी सोडून आरसा निवडला. या घराण्यांचे रस्ते इथे एकमेकांना छेदतात, आणि मार्क्स यांची ती निवड मला फार अर्थपूर्ण वाटते.

किनेक्टने उलटं केलं. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी ठिपक्यांतून निघालेल्या खोलीच्या चित्रावरून अंगाचे ३१ भाग ओळखायला यंत्राला शिकवलं. त्यासाठी संगणकावर बनवलेली, निरनिराळ्या चणीची आणि पवित्र्यांची शरीरं लाखोंच्या संख्येने त्याला दाखवली. कपड्यांचा रंग कोणताही असो, खोलीत अंधार असो, यंत्राला माणसाचा सांगाडा सापडू लागला. अभियांत्रिकी म्हणून हे काम थक्क करणारं आहे, आणि त्याला २०११ चा मॅकरॉबर्ट पुरस्कार मिळाला तो योग्यच. पण पडद्यावर आता खेळणारा स्वतः दिसत नव्हता. त्याच्या सांगाड्यावर चढवलेलं एक कार्टून दिसत होतं. आरशातल्या प्रतिमेची चूक माणूस खपवून घेतो, कारण ती तोच असतो. बाहुल्याचा गुडघा भलतीकडे वाकला की तो यंत्राचा दोष ठरतो. त्यात कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेणार, म्हणजे दोन चित्रांत ३३ मिलिसेकंद गेलेच, वर हिशेबाचा वेळ. बटण दाबल्याबरोबर गोळी सुटण्याची सवय असलेल्या हाताला हा उशीर जाणवतो. बटणच नसल्यामुळे साधी यादीतली ओळ निवडायलासुद्धा हात हवेत धरून थांबावं लागे. एकट्याने खेळायलाही टीव्हीपासून सुमारे सहा फूट मागे सरकावं लागे. ज्या घरात बैठकीची खोली लहान, तिथे पलंग हलवल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. मोजणीदाराच्या यंत्राला आपलं ठाणं स्वच्छ आणि मोकळं लागतं, आणि हा हट्ट किनेक्टने वारशातच आणला होता.

मग पहिल्या ६० दिवसांत ८० लाख किनेक्ट खपले, गिनेस बुकात विक्रमाची नोंद झाली, ते कसं, असं कुणीही विचारेल. माझं उत्तर: लोकांनी आरशाच्या वचनाला पैसे दिले. जाहिरातीचा सगळा रोख ‘तुम्हीच कंट्रोलर’ असा होता. जिथे ते वचन पाळलं गेलं तिथे किनेक्ट खरोखर रमवणारा ठरला. हार्मोनिक्सचा डान्स सेंट्रल हा खेळ घ्या. नाचणाऱ्याला हातात काही लागत नाही, चालत कुठे जायचं नसतं, आणि समोरच्याची नक्कल करणं हीच नाच शिकण्याची जुनी रीत आहे. नेमबाजी, गाडी चालवणं, वाट शोधणं, म्हणजे ज्यांत हाताला काहीतरी धरायला लागतं, ते खेळ त्याला कधीच पेलले नाहीत. केवळ सॉफ्टवेअर कच्चं होतं म्हणून हे झालं, हे मला पटत नाही. मोकळ्या हवेत धरलेलं स्टिअरिंग हाताला विरोध करत नाही, आणि कितीही अचूक मोजणी केली तरी तो विरोध निर्माण होत नाही.

माझ्या कुळकथेवर दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. २०१३ च्या एक्सबॉक्स वनसोबत आलेल्या नव्या किनेक्टने ठिपके आणि त्रिकोण दोन्ही सोडून दिले. तो स्पंदणारा प्रकाश फेकतो आणि परत आलेल्या प्रकाशाची लय किती मागे पडली यावरून अंतर काढतो. मोजणीचा वंश तिथेच खुंटला, नाही का? उलट, इथे तो सगळ्यात ठसठशीत दिसतो. स्वीडनच्या भूमापन खात्यातल्या एरिक बेर्गस्ट्रांड यांनी १९४० च्या दशकात अगदी याच तत्त्वावर जिओडिमीटर बनवला: लयबद्ध प्रकाश दूरच्या आरशावर पाठवायचा आणि परतलेल्या प्रकाशाचा मागे पडलेला टप्पा मोजायचा. त्यानंतर जगभरच्या मोजणीदारांना पूर्वीसारखे त्रिकोण रचत बसायची गरज उरली नाही. पहिला किनेक्ट लॅम्बटनच्या वाटेने गेला, दुसरा बेर्गस्ट्रांडच्या. सर्वेक्षणाने दीडशे वर्षांत जे वळण घेतलं तेच या पट्टीने तीन वर्षांत घेतलं.

बाजाराने मात्र या दुसऱ्याला फार वेळ दिला नाही. किनेक्टसकट एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला, समोर प्लेस्टेशन ४ मिळे ३९९ ला. जून २०१४ मध्ये किनेक्ट वगळून यंत्र ३९९ ला विकायला सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्पादन बंद पडलं. ठिपके मात्र तोवर दुसऱ्या घरी गेले होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ॲपलने प्राइमसेन्स विकत घेतली, आणि किनेक्ट बंद झाल्याच्या पुढच्याच महिन्यात आयफोन एक्स आला. पडद्याच्या वरच्या काळ्या खाचेत बसवलेला त्याचा प्रोजेक्टर मालकाच्या चेहऱ्यावर तीस हजारांहून जास्त इन्फ्रारेड ठिपके टाकतो. इथे ठाणं हातभर अंतरावर, समोर आणि क्षणभर स्थिर असतं; मोजणीदाराला हवी तशीच परिस्थिती. चेहरा ओळखून कुलूप उघडणं हे त्याचं मुख्य काम. पण त्याच फोनमध्ये ॲपलने ॲनिमोजीही दिले: तुम्ही भुवई उचलली की पडद्यावरचा कोल्हा भुवई उचलतो, तुम्ही हसलात की तो हसतो. तिथे हाताला धरायला काही लागत नाही, मागे सरकायला खोली लागत नाही, आणि क्रूगरच्या सावलीसारखा तो कोल्हा तुमच्या आधी काहीच करत नाही.