रक्ताची साक्ष

अपघातात जखमी झालेले मूल रुग्णालयात आणले म्हणजे डॉक्टरांपुढे पहिला पेच पडतो तो साक्षीचा. मोठा माणूस आपले दुखणे सांगतो. दोन वर्षांचे मूल केवळ रडते. मग त्याच्या रक्तालाच साक्षीस बोलवावे लागते. ही रीत कशी पडली आणि त्या साक्षीवर कितपत विसंबावे, हे आज पाहू.

पूर्वी युरोपातील वैद्य रुग्णाची शीर कापून रक्त काढीत. आजाऱ्याचे रक्त भांड्यात थिजताना त्यावर फिकट थर जमतो, हे त्यांच्या ध्यानी आले होते. शरीरात दाह असता तांबड्या पेशी लवकर तळाशी बसतात, त्याचा हा परिणाम. या वेगाचा अभ्यास १८९७ साली पोलंडच्या एडमंड बिअरनाट्स्की यांनी प्रसिद्ध केला. १९१८ मध्ये स्वीडनच्या फोरेउस यांनी व १९२१ मध्ये वेस्टरग्रेन यांनी तो पुढे नेला. उभ्या नळीत तासाभरात पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या, हे मोजावयाचे. हीच आजची ई.एस.आर. तपासणी. मात्र ती सावकाश चढते व सावकाश उतरते. घाईच्या प्रसंगी तिचा उपयोग थोडा.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक द्रव्य आढळले. रुग्ण बरा होताच ते नाहीसे होई. हेच सी.आर.पी. नावाचे प्रथिन. प्रथम त्याचा संबंध त्या रोगजंतूशीच असावा असे वाटले. पुढे इतर आजारांत, इतकेच नव्हे तर शस्त्रक्रिया व मोठ्या दुखापतीनंतरही ते वाढते, असे दिसून आले. हाड मोडले तरी उत्तर सारे शरीर देते. हे प्रथिन तयार करते ते यकृत.

येथेच खरी अडचण आहे. जखमी मुलाचे सी.आर.पी. वाढले, ते जखमेमुळे की जंतूंमुळे? १९९३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी मुलांच्या रक्तात प्रोकॅल्सिटोनिन मोजले. जिवाणूंच्या गंभीर संसर्गात ते फार वाढलेले आढळले आणि आशा पालवली. परंतु जबर दुखापतीतही तेही वाढतेच.

म्हणून एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची. दुखापतीनंतर सी.आर.पी. काही तासांत चढू लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठते आणि कारण शमल्यावर सुमारे १९ तासांत निम्मे होते. उतरणीला लागलेला आकडा पुन्हा चढला, तर कोठे तरी संसर्ग लपला नाही ना, हे शोधणे भाग असते. अर्थात प्रत्येक तपासणीस रक्त लागते; दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगी ते जेमतेम ८०० मिलिलिटर असते. तेव्हा काटकसर हवीच.

या खुणा वाढलेल्या असता पुष्कळ मुलांत सरासरीने आजार लांबतो. पण सरासरी म्हणजे आपले मूल नव्हे. आईबापांनी कागदावरील आकडा पाहून धीर सोडू नये, किंवा निर्धास्तही होऊ नये. काल आकडा किती होता, आज किती आहे, आणि मूल दूध पिते का, ओळख देते का, हे सारे डॉक्टरांशी बोलावे. रक्त साक्ष देते. निकाल मात्र मुलाकडे पाहूनच करावयाचा असतो.