घर नंबर ६७६०

फ्रेंच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस येतं. अत्तर, उंची मद्य आणि नाकात बोलणारी देखणी माणसं! पण कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात याच भाषेची एक चुलत बहीण नांदते. ती डबा घेऊन कारखान्यात जाते, जिन्यात उभी राहून शेजारणीशी भांडते आणि दारातला बर्फ उपसताना शिव्याही घालते. शिष्टांनी तिला नाव ठेवलं 'जुआल'. फ्रेंचमध्ये घोड्याला म्हणतात 'शव्हाल'. माँट्रियलच्या गल्लीत त्याचा 'जुआल' होतो. थोडक्यात, आपल्याकडे 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्याला जो मान मिळतो, तोच तिथे या मंडळींना!

मार दोन्हीकडून. इंग्रज साहेब दरडावायचा, "गोऱ्यांची भाषा बोल." फ्रेंच मास्तर म्हणायचे, "शुद्ध बोल." मग माणसानं तोंड उघडायचं तरी कशाला? जेवायला?

१९६८ मध्ये मिशेल त्रांब्लेने या बोलीला रंगभूमीवर आणलं आणि विद्वानांना ठसका लागला. १९७४ मध्ये सरकारनं कायदा करून फ्रेंच ही प्रांताची अधिकृत भाषा ठरवली. ठीकच झालं, पण आंघोळ करताना कायदा कोण गुणगुणतो? ते काम केलं त्याच वर्षअखेरीस निघालेल्या एका तबकडीनं.

वाद्यवृंदाचं नाव 'बो दोमाज'. शब्दशः अर्थ 'सुंदर नुकसान'. पण जुन्या क्वेबेकी बोलीत 'अर्थातच!' आपल्या आजीचं 'तर काय!' असतं ना, अगदी तसं. मिशेल रिव्हार आणि मंडळी गाणार, वाजवणार. प्येर ह्युए स्टेजवर न चढता गाणी लिहिणार. गिटारी, एकात एक मिसळलेले आवाज आणि अकरा गाणी.

एका गाण्यात अलास्कातला एक सील उदास बसलाय. त्याची प्रेयसी अमेरिकेतल्या सर्कशीत कामाला गेलीय. आपण हसायला जातो आणि हसू घशातच अडकतं. दुसरं गाणं बोप्रे नावाच्या खऱ्याखुऱ्या राक्षसाचं. उंची आठ फुटांच्या वर. १८८१ मध्ये जन्मला, जन्मभर लोकांनी तिकीट काढून बघितला, १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जत्रेत मेला. मेल्यावरही सुटका नाही. देह माँट्रियलच्या विद्यापीठात जाऊन पडला. त्याची रक्षा गावी पोचायला १९९० साल उजाडलं!

दोघंही दुसऱ्याच्या तमाशात गेलेले. मला तिसरं गाणं आवडतं ते म्हणूनच. त्यातला गडी परमुलखातली ताडाची झाडं तिथंच सोडून घरी निघतो आणि चक्क पत्ता सांगतो, ६७६०, सँ-वालिए रस्ता, माँट्रियल. चंद्र नाही, चांदणं नाही, घर नंबर! पोस्टमनसुद्धा खूश.

१९७८ मध्ये मंडळी पांगली. तबकडी राहिली, पत्ता राहिला. आणि पत्ता म्हणजे तरी काय हो? मी इथं राहतो, इथं बोलतात तसंच बोलतो, ऐकायचं असेल तर या. पानी प्यायला देऊ.