गॅलरी, अंगण आणि गणपती: गिरगावातला एक दिवस

हेडफोन लावलेत? चला मग, आज गिरगावात जाऊ.

गणपतीतला शनिवार. डोंबिवलीहून दादर, तिथून चर्नी रोड, आणि मग चालत खाडिलकर रोड. म्हणजे 'नवाकाळ'चे संस्थापक, नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, त्यांच्या नावाचा रस्ता. इथेच केशवजी नाईक चाळी आहेत. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती इथला, १८९३ सालचा.

खरं सांगू? मी डोक्यात मोठा मंडप, लांबच लांब रांग, धक्काबुक्की असं सगळं घेऊन गेले होते. बघते तर जेमतेम दोनेक फुटांची शाडूची मूर्ती. फोटोसाठी झूम करावं लागलं.

"एवढीच?" मी पुटपुटले. गॅलरीत बसलेल्या आजोबांनी ऐकलं. म्हणाले, "बाप्पा लहानच बरा. माणसं दिसतात."

ते वाक्य डोक्यात घेऊनच आपण जरा मागे जाऊ.

१८०३ मध्ये कोटाच्या आत मोठी आग लागली आणि वस्ती कोटाबाहेर पसरू लागली. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची पायाभरणी झाली. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध. तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पोट भरायला कोकणातून, घाटावरून माणसं येत राहिली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाखांच्या वर गेली होती.

एवढ्यांना ठेवायचं कुठे? उत्तर होतं चाळ. एका ओळीत खोल्या, समोर सामाईक गॅलरी, नळ सामाईक, संडास सामाईक. परळ-लालबागकडे गिरणी कामगार, तर गिरगावात कारकून, मास्तर, छापखान्यातली माणसं.

आता गंमत बघा. ही रचना काही शेजारधर्म वाढावा म्हणून केलेली नव्हती. कमी जागेत जास्त भाडेकरू बसावेत, एवढाच हिशेब. पण प्रत्येक दार त्याच गॅलरीत उघडणार म्हटल्यावर भांडणंही तिथेच आणि वाटीभर साखरही तिथूनच. खोली आपली, पण आयुष्य सगळ्यांचं.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मोठी हिंदू-मुस्लिम दंगल झाली. वातावरण तापलेलं होतं. घरातला गणपती चौकात आणायचा, लोकांना एकत्र आणायचं, या कल्पनेला लोकमान्य टिळकांनी जोर दिला. (पुण्यात पहिला कोण, हा वाद आज काढायचा नाही हं!) पण कल्पनेला जागा लागते. चाळीत ती तयारच होती. खाली मूर्ती बसवली की गॅलरीतले सगळे आपोआप प्रेक्षक. भाषण असो, मेळा असो, नाटक असो, वेगळं सभागृह कशाला? १९०१ मध्ये खुद्द टिळक या चाळीत येऊन गेले.

मग हे सगळं टिकलं कसं? यात एका कायद्याचा मोठा वाटा आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. त्यामुळे साध्या पगाराची माणसं दक्षिण मुंबईत पिढ्यानपिढ्या राहू शकली. पण त्याच कायद्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. ज्याने चाळीतली माणसं वाचवली, त्यानेच चाळी खिळखिळ्या केल्या.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी घरात कळलं होतं. आमचीही गिरगावात खोली होती, दुसऱ्या एका वाडीत. पावसात गॅलरीला टेकू लागले, गळतीखाली बादल्या लागल्या. मी सातवीत असताना बाबांनी खोली सोडली. चुकलं का त्यांचं? अजिबात नाही. रात्री उठून संडासाच्या रांगेत उभी राहिलेली आजी मला आठवते. चाळीच्या आठवणींवर गळा काढणं सोपं आहे, राहणं सोपं नव्हतं.

डोंबिवलीत आता आमचा टू बीएचके आहे. सोसायटीचा गणपती पार्किंगमध्ये बसतो. सजावट छान असते. लोक लिफ्टने येतात, दर्शन घेतात, लिफ्टने जातात. कोणीच वाईट नाही हो, फक्त दारं एकमेकांसमोर उघडत नाहीत.

म्हणून मला वाटतं, गिरगावात टॉवर उभे राहताना प्रश्न 'मूर्ती कुठे बसणार' हा नाहीच. मूर्ती दोन फुटांची आहे, कुठेही बसेल. प्लॅनमध्ये गॅलरी आणि अंगण कुठे आहे, ते विचारायला हवं.

बाबा आजही दरवर्षी जुन्या वाडीत जाऊन वर्गणीची पावती फाडतात. पत्ता विचारला की खोली नंबर तेवीस सांगतात. ती खोली आता नाही. पावतीवर मात्र आहे.

तुमच्या घरात अशी कुठली पावती आहे का? आजी-आजोबांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, मोरया!