घाटवाटेवरचं पाणी

टिटवाळ्याहून गोवेलीमार्गे मुरबाडचा रस्ता धरला, की टोकावडे, वैशाखरे करत आपण नाणेघाटाच्या पायथ्याशी येतो. गाडी वरपर्यंत न्यायची असेल तर माळशेज चढून, जुन्नरच्या बाजूने घाटघरला वळायचं. सुट्टीत वरच्या पठारावर घरच्यांना घेऊन आलेल्यांचे तंबू दिसतात. डिकीत चटया, शेगडी, मॅगी आणि वीस लिटरचा पाण्याचा जार. रानातल्या मुक्कामाचं सगळं गणित त्या जारपाशी येऊन थांबतं : माणसं किती, रात्री किती?

हे गणित या वाटेला नवीन नाही. सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सोपारा आणि कल्याण बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरकडे, पुढे पैठणकडे जायचा. घाटमाथ्यावर कातळात खोदलेलं एक दालन आहे. त्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे : केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी, सगळं आकड्यांत. दिवसभर आकड्यांशी खेळणाऱ्या माझ्यासारख्याला भुरळ पडते ती त्या आकड्यांचीच. आपल्या आजच्या अंकांचे पूर्वज तिथे दगडावर दिसतात. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तिथे होते. आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं उरली आहेत.

पण वाटसरूच्या दृष्टीने महत्त्वाचा लेख दुसराच आहे, अगदी छोटा. त्याचा अर्थ एवढाच : सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली पाण्याची पोढी. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. समुद्राकाठच्या एका माणसाने घाटावर, स्वतःच्या गावापासून इतक्या लांब, अनोळखी लोकांच्या तहानेसाठी खर्च केला. राजाच्या यज्ञांनी वाट चालती राहिली नसती. ती पावसाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवणाऱ्या अशा टाक्यांमुळे राहिली. मात्र पैसे देणाऱ्याचं नाव उरलं, छिन्नी चालवणाऱ्याचं नाही.

पाण्यामागची माणसं याहून वाईट रीतीनेही पुसली जातात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला कॅनिंग स्टॉक रूट आज जीप आणि तंबू घेऊन निघणाऱ्यांचं स्वप्न आहे. लांबी सुमारे १,८५० किलोमीटर. मुळात ती गुरं हाकत नेण्याची वाट. १९०६ साली आल्फ्रेड कॅनिंगने तिची पाहणी केली. पाणी कुठे आहे हे तिथल्या मूळ रहिवाशांनाच ठाऊक होतं, म्हणून त्यांना साखळदंडांनी बांधून वाटाड्ये केलं गेलं. मोहिमेतल्या स्वयंपाक्याने तक्रार केली, १९०८ मध्ये चौकशी आयोग बसला आणि कॅनिंग निर्दोष सुटला. पुढे १९१० पर्यंत विहिरी खोदल्या गेल्या, त्यांतल्या कित्येक त्या लोकांच्या जुन्या पाणवठ्यांवरच. विहिरींना नंबर मिळाले आणि वाटेला कॅनिंगचं नाव.

आपण यातून वेगळे आहोत असं म्हणायला मन धजत नाही. टिटवाळ्यावरून जाणारी आपली लोकल पुढे आसनगावला, म्हणजे शहापूर तालुक्यात पोचते. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच परिसरात आहेत. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबईला जातंय. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात.

तंबू ठोकायला जरूर जा. मुलांना नागनिकेचे आकडे दाखवा, गोविंददासाची गोष्ट सांगा. फक्त टाक्यात हात-पाय धुऊ नका, प्लॅस्टिक टाकू नका. आणि पाड्यावर कुणी तांब्याभर पाणी पुढे केलं, तर पिण्याआधी विचारा : हे कुठून आणलंत? दोन हजार वर्षांत कोरायची राहून गेलेली नावं त्या उत्तरात ऐकू येतील.